उत्तरेची बाजू

माझं काम फुलं मोजायचं होतं. खरी नाही, फोटोतली.

पीच, प्लम, नेक्टरीन या झाडांना अक्कल नसते. नेक्टरीन म्हणजे बिनलवेचा पीच. एकेका झाडाला हजारो फुलं येतात आणि झाड त्या सगळ्यांची फळं करायला बघतं. मग एकही धड होत नाही, सगळी लिंबाएवढी राहतात. म्हणून विरळणी करतात. शिड्या लावून, माणसं लावून, आठवडेच्या आठवडे हाताने फळं तोडून टाकायची. नाहीतर आधीच, फुलं असतानाच, औषध मारायचं. ते औषध उघड्या फुलावर पडलं की फूल करपतं. ज्या फुलात फळ धरून झालंय ते वाचतं, आणि जी कळी अजून मिटलेली आहे तीही वाचते. म्हणजे सगळा खेळ दिवसाचा. दोन दिवस उशीर झाला तर पाणी मारल्यासारखं. दोन दिवस आधी मारलं तर नको ती फुलं जातात आणि नको त्या कळ्या राहतात. करपलेलं फूल परत चिकटवता येत नाही.

तो दिवस कुठला, हे सुबोधचं अ‍ॅप सांगायचं. बागवाल्याने ठरलेल्या फांद्यांचे रोज फोटो पाठवायचे. आम्ही स्क्रीनवर एकेका फुलावर टिचकी मारायची, उघडं असेल तर हिरवा ठिपका, मिटलेलं असेल तर लाल. ऐंशी टक्के हिरवं झालं की अ‍ॅप आपोआप मेसेज करणार, उद्या फवारा. कॉम्प्युटर अजून शिकतोय, तोवर तुम्ही मोजा, असं सुबोध म्हणायचा. तो कधी शिकणार ते विचारलं की पाणी प्यायला उठायचा.

सुबोध आईच्या ओळखीचा, पुण्याचा. इथे सिंगापुरात रॅफल्स प्लेसला बँकेत होता, ते सोडून हे काढलं. ऑफिस अलेक्झांड्राला, क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटपासून बसने चार स्टॉप. मी एप्रिलमध्ये ज्युनिअर कॉलेज सोडलं आणि घरी बसले. दोन महिने मी आईचं डोकं खाल्लं आणि तिने माझं. मग तिने सुबोधला फोन लावला. "नजर फार बारीक आहे रे तिची," म्हणाली. "आणि जीभही." मी शेजारीच बसले होते.

पहिल्या दिवशी मी त्याला सुबोधकाका म्हटलं तर तो म्हणाला, ऑफिसात काका नको, नुसतं सुबोध म्हण. आईने बजावलं होतं की अहो-जाहो सोडायचं नाही. त्यामुळे मी "सुबोध, तुम्ही" असं काहीतरी विचित्र बोलायचे आणि शेजारच्या टेबलावरचा रुचिर खिदळायचा. रुचिर युनिव्हर्सिटीत शिकत होता, इंटर्नशिपला आलेला. त्याच्या घरी सगळे मराठी बोलतात, हा सोडून.

माझ्याकडे एकच बाग होती, प्रबोधकाकांची. खरं तर काका कुणाचेच नव्हते ते, आम्ही म्हणायचो. रत्नागिरीकडचे. बावीस वर्षं जहाजावर इंजिनिअर. जहाज दुरुस्तीला आलं की तुआसच्या यार्डात महिना महिना राहायचे, तिथे सुबोधशी ओळख झाली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आणि गिरिजाकाकूंनी ऑस्ट्रेलियात नेक्टरीनची बाग घेतली. सव्वीस ओळी. आधीच्या मालकाने लावलेली झाडं, यांची पहिलीच पूर्ण बहराची वेळ. जहाज कंपनीने त्यांची जागा नोव्हेंबरअखेरपर्यंत धरून ठेवली होती. काकूंशी ठरलं होतं की या मोसमाला पीक नीट आलं तर समुद्र कायमचा बंद. नाहीतर परत चार-चार महिने जहाजावर.

हे सगळं मला माहीत होतं कारण ते फोटोंबरोबर आवाजी मेसेज पाठवायचे, इंजिनरूममध्ये उभं राहून बोलल्यासारखे ओरडून. "किमया बाय, आज नुसती गुलाबी जत्रा आहे ग! मोज, मोज, बोटं झिजव!" मागून काकूंचा आवाज यायचा, "अहो, तिला ऐकू येतं." "ऑस्ट्रेलियाहून सिंगापूरला ऐकू जायला हवं ना!"

फोटो कसे काढायचे याचा एक कागद होता, सुबोधने हिमाचलातल्या बागांसाठी केलेला. त्यात लिहिलं होतं, फोटो झाडाच्या उत्तर बाजूने, चार हातांवरून, दुपारच्या आधी. प्रबोधकाका रोज त्यांच्या अकरा वाजता, म्हणजे आमच्या नऊला, होकायंत्र घेऊन उभे राहायचे. पहिल्या दिवशी त्यांनी होकायंत्राचाही फोटो पाठवला होता. "पाच अंश इकडे नाही की तिकडे नाही. तपासून घे."

सप्टेंबरचा पहिला मंगळवार. साडेदहाच्या सुमारास सुबोध माझ्या टेबलाशी आला. हातात माझं सोमवारचं काम.

"किमया, ही अर्धवट उघडलेली तू सगळी लाल केलीस."

"अर्धवट म्हणजे मिटलेलीच ना."

"एक पाकळी सुटली की उघडं धरायचं. लिहिलंय तसं."

"लिहिणाऱ्याने कधी फूल बघितलंय का?"

"वा लाऊ," रुचिर त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला. "व्हाय यू सो फिअर्स वन."

"लिहिणारा मी आहे," सुबोध म्हणाला. "तीन बहर हिमाचलात काढलेत मी, थंडीत कुडकुडत. तुझं काम मोजायचं. प्रश्नच विचारायचे होते तर कॉलेजात राहायचं होतंस. तिथे त्याचे मार्क देतात."

रुचिर हसला. मग त्याला कळलं की हसायचं नव्हतं, आणि तो त्याच्या स्क्रीनमध्ये घुसला.

माझ्या कानांतून वाफ निघत होती. मी पण स्क्रीनकडे वळले, कारण दुसरीकडे बघितलं असतं तर काहीतरी फेकलं असतं. समोर त्या दिवशीचा फोटो होता, सातव्या ओळीतलं झाड. फुलं उन्हाने पांढरी पडलेली, मोजताना डोळे दुखतील अशी. आणि खोडावर एका माणसाची सावली. टोपी, कोपर, हातात धरलेला फोन. प्रबोधकाकांची.

सावली माणसाच्या पुढे आहे म्हणजे ऊन माणसाच्या पाठीमागे. माणूस उत्तरेला उभा आहे. म्हणजे ऊन उत्तरेकडून येतंय.

हे कळायला मला भूगोल लागला नाही. आमचं स्वयंपाकघर उत्तरेला आहे. फ्लॅट बघताना आई एजंटला म्हणाली होती, उत्तरेची खिडकीच हवी, उत्तरेला ऊन येत नाही, भाज्या टिकतात. पुण्यात तसंच असतं. एजंट बिचारा यस यस म्हणाला. मार्च संपला आणि ऊन थेट ओट्यावर. सप्टेंबरपर्यंत तिथेच. मग पलीकडे, हॉलच्या बाजूला जातं. आई अजून त्या खिडकीशी भांडते, जणू तिने फसवलंय. तर इथे सूर्य अर्धं वर्ष या बाजूला, अर्धं त्या. हिमाचलात तो कायम दक्षिणेला, उत्तर बाजू म्हणजे सावली. आणि खाली ऑस्ट्रेलियात कायम उत्तरेला.

सुबोधच्या कागदाला सावलीची बाजू हवी होती. सावलीतली फुलं मागे असतात, ती ऐंशी टक्के झाली म्हणजे अख्खं झाड तयार. आम्ही आठवडाभर उन्हाची बाजू मोजत होतो. ती दोन-तीन दिवस पुढे पळत होती.

मी मान वर केली. "सुबोध, तुम्ही..."

"मोज," तो म्हणाला. मागे न वळता, त्याच्या खोलीकडे जाता जाता.

"बरं," म्हटलं. "मोजते."

आणि मोजलं. इतकं छान मी आधी कधीच मोजलं नव्हतं. एक पाकळी सुटलेलीसुद्धा हिरवी. लिहिलंय तसं. पडू दे तोंडावर, असं मला वाटत होतं. तोंडावर पडणार तो सुबोध आणि करपणार ती झाडं प्रबोधकाकांची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे माझ्या डोक्यात शिरायला शुक्रवार उजाडला.

मंगळवारी बावन्न टक्के. बुधवारी सदुसष्ट. गुरुवारी एक्याऐंशी. चार वाजता अ‍ॅपने मेसेज पाठवला. पाच मिनिटांत काकांचा आवाज आला, "आला बाबा हुकूम! उद्या टाकी भरतो. गिरिजा विचारतेय ट्रॅक्टरला ओवाळू का." मागून काकू, "मी कधी म्हटलं?"

मी ते दोनदा ऐकलं. फोन माझ्या हातात होता. केला नाही. मी अजून रागात होते, एवढंच.

शुक्रवारी सव्वाआठला बसमध्ये होते. ग्रुपवर फोटो आला. ट्रॅक्टर, मागे फवाऱ्याचं धुकं, आणि त्या धुक्यात गुलाबी झाडं. फवारणीच्या पांढऱ्या सूटमध्ये काका, अंगठा वर. खाली लिहिलं होतं, आठ ओळी फत्ते.

फोटोत सूटवाला माणूस होता. ओळखीचा. मी फोन लावला. उचलला नाही. परत लावला. चौथ्यांदा उचलला.

"काका, थांबवा. फवारा बंद करा."

"कोण? किमया? अग मशीन चालू आहे, थांब." घरघर बंद झाली. "हं, बोल बाय."

"तुम्ही फोटो कुठल्या बाजूने काढता?"

"उत्तरेच्या. कागदावर आहे तसं. का?"

"तुमच्याकडे ऊन कुठल्या बाजूला असतं?"

पलीकडे कुठलातरी पक्षी ओरडत होता, भांडण चालल्यासारखा.

"उत्तरेला," ते म्हणाले. आवाज एकदम साधा, ओरडणं नाही.

"पुढच्या ओळीची दक्षिण बाजू बघा ना जाऊन. आत्ता."

ते गेले. ओल्या गवतात बूट वाजत होते. बस अलेक्झांड्राला आली, मी उतरले नाही.

"अर्धी मिटलेलीच आहेत," ते म्हणाले. "अर्ध्याहून जास्त."

"किती ओळी झाल्या?"

"अकरावी आत्ता संपवली." मग म्हणाले, "मला रोज दिसत होतं ग ते. मागची बाजू मागे आहे, हे डोळ्यांना दिसत होतं. मला वाटलं तुमचं त्यात काही शास्त्र असेल. बावीस वर्षं मॅन्युअलात लिहिलंय तेच केलंय मी. मॅन्युअलला कोण प्रश्न विचारतं?"

मी पुढच्या स्टॉपवर उतरून ऑफिसपर्यंत मागे चालत आले आणि सुबोधला सगळं सांगितलं.

त्याने फोटोंचा तो कागद हातात घेतला, एकदा वाचला आणि खुर्चीत बसला. नकाशा-बिकाशा काही लागला नाही त्याला. "हिमाचल," एवढंच म्हणाला. मग पाणी प्यायला उठला आणि न पिता परत आला. कागदावर उत्तर खोडून सावलीची बाजू असं लिहिलं. उरलेल्या पंधरा ओळींसाठी सावलीच्या बाजूचे नवे फोटो मागवले. मग काकांना ईमेल लिहायला घेतला आणि मोठ्याने वाचत होता. "ही चूक आज सकाळीच आमच्या लक्षात आली..."

"आज नाही," मी म्हटलं. "मंगळवारी. माझ्या."

त्याने कीबोर्डवरचे हात उचलले.

"मंगळवारी तुला माहीत होतं?"

"तुम्ही म्हणालात, मोज."

"म्हणून तू तीन दिवस..."

"अग, किमया," रुचिर म्हणाला. मराठीत. त्याच्या तोंडून मराठी मी पहिल्यांदाच ऐकत होते.

सुबोध परत स्क्रीनकडे वळला. "हे त्यांना सांगायचं नाही," म्हणाला. "कागद माझा, चूक माझी. तुझं सांगून अकरा ओळी परत येणारेत का?" मला ते सोयीचं होतं. ईमेल तसाच गेला, आज सकाळीच लक्षात आली.

पंधरा ओळींवर काकांनी रविवारी फवारा मारला.

नोव्हेंबरमध्ये फळं धरल्यावरचे फोटो आले. या वेळी दोन्ही बाजूंचे. मीटरभर फांदीवर पंधरा-सोळा फळं असली की बरोबर. बारा ते सव्वीस ओळींत सोळा, चौदा, सतरा, असंच येत गेलं. पहिल्या अकरा ओळींत उन्हाच्या बाजूला चार, तीन, पाच, एकीवर शून्य. त्याच झाडांच्या सावलीच्या बाजूला एकेचाळीस, अडतीस. एकाला एक चिकटलेली, बोराएवढी. उन्हात रंग चांगला येतो, म्हणजे जिथे भाव मिळणार तीच बाजू रिकामी. आणि दुसऱ्या बाजूला हाताने विरळणी करावी लागली. काका, काकू आणि गावातली दोन माणसं, तीन आठवडे शिड्यांवर. ते आकडे मी टाइप करून पाठवले. काकांचा मेसेज आला, मिळाले. आवाजी नाही, लिहिलेला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. सिंगापुरात होते. जहाज इथूनच धरायचं होतं, दुपारी अडीचला जहाज कंपनीच्या एजंटची गाडी येणार. "जेवायला ये," म्हणाले. "माझ्याकडून. तुझ्यामुळे पंधरा ओळी वाचल्या बाय, नाहीतर सगळ्या सव्वीस गेल्या असत्या."

आमच्या घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात, भेटलो. फोटोतल्यापेक्षा बारीक होते, नाक उन्हाने सोललेलं. मोठी बॅग खुर्चीवर बसवली होती आणि स्वतः स्टुलावर बसले होते. फिश सूप घेतलं. माझ्यासाठी विचारल्याशिवाय दोन पदार्थ मागवले.

"घर काय म्हणतं?" त्यांनी विचारलं.

"आई आता हॉलच्या खिडकीशी भांडतेय."

"बरं आहे. गिरिजाला मी नाही, खिडकी नाही. गड्यांशी भांडेल आता. तोडणीला दोन आठवडे आहेत, मी इथे." सूप फुंकून प्यायले. "पण पोरीची नजर म्हणजे नजर! मी जहाजावर सगळ्यांना सांगणार आहे. एक फोन केला पोरीने आणि..."

"काका, मला मंगळवारीच दिसलं होतं."

"काय?"

"तुमची सावली. खोडावर. मंगळवारच्या फोटोत. तेव्हाच कळलं मला सगळं."

त्यांनी चमचा वाटीत ठेवला. "फवारा मी शुक्रवारी मारला."

"हो."

"मग?"

"सुबोध मला बोलले होते. मला राग आला होता."

"माझा?"

"नाही."

शेजारच्या टेबलावरची आजी ट्रे उचलून गेली, दुसरं कुणीतरी येऊन बसलं.

"मंगळवारी किती वाजता?"

"साडेदहाला."

"म्हणजे आमचे साडेबारा." त्यांनी हिशेब बोटांवर केला नाही, पण नजर वर गेली, तशी. "मी जेवत होतो. फोन ताटाशेजारीच होता. गिरिजा म्हणत होती, तो जरा बाजूला ठेवा."

मग त्यांनी सूप संपवलं. पूर्ण, खालच्या माशाच्या तुकड्यासकट. माझ्यासमोरचं तसंच होतं.

"बावीस वर्षांत मी एकाच माणसाला बंदरावर उतरवलंय," ते म्हणाले. "ऑइलर होता, इंजिनांचं तेलपाणी बघणारा. पाइप गळताना बघितला आणि बोलला नाही. सेकंड इंजिनिअरने आदल्या दिवशी त्याला आईवरून शिवी घातली होती."

"मग काय झालं?"

"काय होणार? उतरवला. चांगला पोरगा होता. काम चोख." त्यांनी टिश्यूने तोंड पुसलं. "सुबोधला माहीत आहे हे?"

"हो. ते म्हणाले सांगू नकोस."

"हं."

त्यांनी घड्याळ बघितलं. अजून वीस मिनिटं होती, पण उठले. बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला. मला वाटलं, असेच जातील. मी त्यांच्या जागी असते तर ट्रे उपडा केला असता.

"पुढच्या बहराला मी नसेन," म्हणाले. "फोटो गिरिजा काढेल. दोन्ही बाजूंचे. काही दिसलं, काहीही, तर त्याच मिनिटाला तिला फोन करायचा. सुबोधला नाही, अ‍ॅपला नाही. तिला. तू रागात असलीस तरी. तिच्यावर रागावलेली असलीस तरी."

"हो."

"हो काय, नंबर घे."

त्यांनी एकेक आकडा सांगितला, मी फोनमध्ये घातला.

"वाचून दाखव."

मी वाचला. मधला एक आकडा चुकला होता. त्यांनी तो परत सांगितला, मी बदलला, आणि ते निघाले.